गुणाकररावांचा सातवा गुलाब

हिंदी मुलखातल्या बालाघाटात गुणाकर पांढरीपांडे कुठे राहतात असं विचारलं असतं, तर चार माणसं डोकं खाजवत उभी राहिली असती. पण ‘गुलाबवाले बाबू’ म्हणा, रिक्षावाला पत्ता न विचारता कालवा विभागाच्या क्वार्टरांपुढे नेऊन सोडायचा. दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, त्यात एकटा माणूस, आणि पुढच्या अंगणात सत्तावीस गुलाब. गुणाकरराव त्या ऑफिसात मोठे बाबू होते. कामाला चोख, बोलायला मात्र भारी कंजूष. साहेबांनी काही विचारलं तर ‘जी’ म्हणायचे, नाही विचारलं तर तेही नाही.

असा माणूस जन्मतः मुका नसतो हो, होत जातो. वडील लवकर गेले. दोन बहिणी उजवायच्या होत्या, एक गोंदियाला दिली, एक भंडाऱ्याला. तेवढ्यात आईनं अंथरूण धरलं, ते पाच वर्षं. या सगळ्या काळात कोणी लग्नाचा विषय काढला की गुणाकरराव म्हणायचे, ‘‘आपल्याला नाही करायचं लग्न-बिग्न.’’ पहिल्यांदा म्हणाले ते नाइलाजानं, नंतर सवयीनं. आई गेली तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते आणि ते वाक्य गावातल्या सगळ्या मराठी घरांत पक्कं होऊन बसलं होतं. स्थळं सांगून येणारे यायचेच बंद झाले.

गुलाबाचा नाद लावला तो महागूनं. महागू म्हणजे रेस्ट हाउसवरचा म्हातारा माळी. ऑफिसच्या कामानं गुणाकरराव तिथे जायचे, तर टेबलावर सोमवारी पाहिलेला गुलाब पुढच्या मंगळवारीही ताठ उभा असायचा. त्यांनी महागूला विचारलं, हे कसं काय. इतक्या वर्षांत कुठल्या साहेबानं हा प्रश्न केला नव्हता. म्हातारा खूश झाला.

‘‘फूल तोडणं येगळं अन् कापणं येगळं, बाबूजी,’’ तो म्हणाला. ‘‘तोडते ते देवासाठी. कापाचं ते माणसासाठी. कापल्यावर त्याले आधी पोटभर पाणी पाजाचं, मंग लोकायले दाखवाचं.’’

मग त्यानं सगळं शिकवलं. गुलाब कापायचा तो उजाडता उजाडता, पाकळ्यांवर थंडावा आहे तोवर. घट्ट कळी नको, उमललेलं फूल नको. बाहेरची एक पाकळी जराशी सैल झाली की तीच वेळ. कात्री नको, कात्रीनं दांडा चेमटतो. धारेची सुरी हवी आणि काप तिरपा. कापला की बादलीत गळ्यापर्यंत बुडवून दोन तास अंधाऱ्या मोरीत ठेवायचा. पाण्यात जातील तेवढी पानं काढून टाकायची. पाण्यात चिमूटभर साखर, लिंबाचे चार थेंब. रोज पाणी बदलायचं आणि रोज दांडा अर्धं बोट कापायचा. पंख्याचं वारं नको आणि शेजारी पिकलेली केळी तर नकोतच, केळ्यांजवळ गुलाब लवकर म्हातारा होतो. एवढं केलं तर हिवाळ्यात नऊ दिवस. गुणाकररावांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आईच्या उशाशी शेवटच्या हिवाळ्यात सतत गुलाब होता.

आता खरी गोष्ट. गावातल्या मराठी मंडळींचं एका खोलीत छोटंसं वाचनालय होतं. ते संध्याकाळी गुणाकरराव सांभाळायचे. अहिल्याबाई चांदूरकरांना गुडघ्यांमुळे तिथवर येणं जमत नव्हतं, म्हणून दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर ते त्यांना पुस्तक नेऊन देत. अहिल्याबाईंचे यजमान टपाल खात्यात होते, ते वारले होते. मुलगा मुकुंद रायपूरला बँकेत. घरी मुलगी, प्रेमलता. मुलींच्या शाळेत मास्तरीण, वय पस्तीस. मुकुंदराव पत्रात लिहायचे, ‘स्थळ बघतो आहे.’ ते बघतो आहे, बघतो आहे करता करता दहा वर्षं सरली होती.

वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्या घरून परत येत ती दुरुस्त होऊन. सुटलेली पानं खळीनं चिकटवलेली, वर खाकी कव्हर, त्यावर ठसठशीत अक्षरात नाव. हे काम प्रेमलताबाईंचं. गुणाकरराव ते पुस्तक आधी स्वतःच्या घरी न्यायचे, चिकटवलेल्या पानांवरून बोट फिरवायचे आणि दुसऱ्या दिवशी कपाटात लावायचे. मनातल्या मनात मांडे खाणं यालाच म्हणतात. जात एक, गाव एक, दोन्हीकडे अडवणारं कोणी नाही. नुसतं तोंड उघडायचं होतं. तिथंच घोडं अडलं होतं.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर, त्यांनी धीर केला. म्हणजे धीर कसला, गुलाब कापला. गडद लाल, हातभर दांड्याचा. दिवसभर ऑफिसच्या मोरीत बादलीत ठेवला. ‘‘बाबूजी, साहब के लिए है क्या?’’ शिपायानं विचारलं. गुणाकररावांनी मान हलवली, ती हो की नाही ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून पुस्तकासोबत नेला आणि दारातच प्रेमलताबाईंच्या हाती दिला.

‘‘बागेत होता,’’ ते म्हणाले.

‘‘किती सुंदर आहे,’’ त्या म्हणाल्या. त्यांनी तो दांड्याला धरून नाकापासून लांब, जपून धरला आणि आत नेला.

गुणाकरराव पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले. त्या घरात त्यांचं जाणं एवढंच, पुढच्या खोलीपर्यंत. अहिल्याबाई पुस्तकाबद्दल बोलत होत्या, ते हूं हूं करत होते. चहा घेऊन प्रेमलताबाई बाहेर आल्या तेव्हा मधलं दार उघडं राहिलं आणि समोर देवघर दिसलं. दत्ताच्या तसबिरीवर गुलाब होता. मानेपासून खुडलेला. हातभर दांड्याचा पत्ता नव्हता.

आता तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, गुरुवार आहे, दत्ताचा वार आहे, घरात ताजं फूल आलं, वाहिलं. पण गुणाकररावांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. आपण तिच्यासाठी आणला, तिनं देवाकडे वळता केला. साधा हुंगलासुद्धा नाही. शहाण्या बाईनं नको म्हणायचं ते याहून सभ्यपणे कसं म्हणावं? चहा तसाच गरम गरम पिऊन ते उठले.

तरी आशा वाईट असते. पुढच्या गुरुवारी दुसरा नेला, गुलाबी. तोही तसबिरीवर. मग पिवळा. मग पुन्हा लाल. सहा गुरुवार सहा गुलाब झाले आणि सहाही दत्ताच्या पायी. दर वेळी त्या तो तसाच लांब धरून आत न्यायच्या, दर वेळी गुणाकरराव मधल्या दाराकडे डोळे लावून बसायचे. आठवडाभर जीव टांगणीला आणि गुरुवारी संध्याकाळी हातपाय गाळून परत. महागूला यातलं काही सांगितलं नव्हतं, पण म्हाताऱ्याला कळायचं ते कळलं होतं.

‘‘नुस्तं फूल देऊन काय होते, बाबूजी,’’ तो म्हणाला. ‘‘तोंडानं बोला ना.’’

‘‘बोलायचं काय त्यात?’’

‘‘मंग काहून देता?’’

गुणाकररावांनी आता बोलायचं ठरवलं. जानेवारीचा पहिला गुरुवार होता. सत्तावीस झाडांतला सगळ्यात देखणा गुलाब त्यांनी कापला, आणि प्रेमलताबाईंच्या हाती देताना आयुष्यात बोलले नव्हते एवढं लांबलचक बोलले.

‘‘हा पाण्यात ठेवा. चिमूटभर साखर घाला, लिंबू पिळा थोडं. पाणी रोज बदलायचं आणि दांडा रोज अर्धं बोट कापायचा. केळ्यांजवळ नका ठेवू. नऊ दिवस राहतो.’’

‘‘नऊ दिवस?’’ प्रेमलताबाईंनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘आणि मग?’’

अहो, कपाळावर हात मारून घ्यावा असा तो क्षण. बाई दारात उभी आहे, हातात तुमचा गुलाब आहे, आणि ती विचारते आहे, आणि मग. ‘‘मग काय,’’ गुणाकरराव म्हणाले, ‘‘मग टाकून द्यायचा.’’

प्रेमलताबाईंनी मान डोलावली आणि गुलाब आत नेला.

त्या दिवशी तसबिरीवर गुलाब दिसला नाही. पुढचा आठवडा गुणाकररावांनी कसा काढला तो त्यांचा त्यांना ठाऊक. नऊ दिवसांतले सात झाले होते, म्हणजे गुलाब अजून ताजा असायला हवा. गुरुवारी जाऊन बसले, आणि आधी देवघर पाहिलं, तिथं तुळशीची चार पानं होती. मग खोलीतलं टेबल पाहिलं, खिडकी पाहिली, कपाटावर पाहिलं. कुठेही गुलाब नव्हता. निदान देवाला तरी वाहत होती, हा तर सरळ फेकलाच. एवढं नीट समजावून सांगितलेला. प्रेमलताबाई चहा घेऊन आल्या तोवर गुणाकरराव चप्पल घालत होते.

त्या दिवसापासून अहिल्याबाईंची पुस्तकं शिपायाच्या हाती जायला लागली. वर्ष गेलं. महागू एकदोनदा म्हणाला, जाऊन तर पाहा, पण गुणाकरराव नन्नाचा पाढा वाचत राहिले. हिवाळा आला, सत्तावीस झाडं फुलांनी लगडली. त्यांनी सुरी हातात घेतली नाही. फुलं झाडावरच उमलायची, झाडावरच गळायची.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात एका संध्याकाळी प्रेमलताबाई स्वतः वाचनालयात आल्या. तिथं दुसरं कोणी नव्हतं. पुस्तक टेबलावर ठेवून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

‘‘हल्ली घरी येत नाही तुम्ही,’’ त्या म्हणाल्या.

‘‘ऑफिसात काम फार असतं.’’

‘‘यंदा गुलाब नाही आले का?’’

‘‘आले आहेत.’’ गुणाकररावांनी रजिस्टर पुढे ओढलं. ‘‘कापत नाही मी हल्ली.’’

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या. आणखी क्षणभर थांबल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. गुणाकररावांनी रजिस्टरात पुस्तक जमा केलं. त्यालाही कव्हर घातलेलं होतं.

महिन्याभरानं मुकुंदराव त्यांच्या ऑफिसात पेढे घेऊन आले. बहिणीचं जमलं होतं. कटंगीचे माणिकराव, तिथल्या शाळेत हेडमास्तर, बिजवर, दोन लहान मुली पदरात. ‘‘स्वभावानं चांगले आहेत,’’ मुकुंदराव म्हणाले. ‘‘आणि बाबू, हार तुमच्याच हातचे पाहिजेत. आई म्हणाली, गुणाकररावांसारखं फूल बालाघाटात कोणाचं टिकत नाही.’’

मनातलं तोंडावर आणणं त्यांना जमलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. फेब्रुवारीत लग्नाच्या आदल्या पहाटे त्यांनी आणि महागूनं मिळून सगळी झाडं रिकामी केली. हारांसाठी फुलं मानेपासून खुडली, ओल्या पंचात गुंडाळून टोपलीत भरली. नवरीच्या हातात द्यायच्या गुच्छासाठी मात्र गुणाकररावांनी लांब दांड्याचे लाल गुलाब कापले आणि दांड्यांना ओला कापूस गुंडाळला. महागू खाली मान घालून फुलं खुडत राहिला. बोलायची वेळ होती तेव्हा तो बोलून चुकला होता.

लग्न लागलं. हार संध्याकाळपर्यंत जराही मलूल झाले नाहीत, सगळ्यांनी वाखाणले. कटंगीच्या बसमध्ये बसताना नवऱ्यामुलाच्या मावशींनी प्रेमलताबाईंच्या हातातला गुच्छ घेतला, ‘‘अगं, एवढ्या काट्याकाड्या कशाला वागवतेस,’’ म्हणून मानेखालचे दांडे मोडून टाकले आणि फुलं तेवढी त्यांच्या ओटीत घातली. प्रेमलताबाई खाली वाकून ते दांडे गोळा करायला लागल्या. मावशींनी त्यांना हाताला धरून वर चढवलं. गुणाकरराव रस्त्याच्या पलीकडे उभे होते. नवरीला काड्यांचं काय पडलंय, हे त्यांना समजलं नाही.

समजलं ते दहा महिन्यांनी. मुकुंदरावांनी आईला रायपूरला न्यायचं ठरवलं, घर विकलं. वाचनालयाची चार पुस्तकं त्या घरी राहिली होती, ती आणायला गुणाकररावांना जावं लागलं. गुरुवारच होता. पुढच्या खोलीत बांधलेल्या ट्रंका होत्या. अहिल्याबाईंनी पुस्तकं दिली आणि म्हणाल्या, ‘‘जरा मागे या माझ्यासोबत. तुमचं एक सामान आहे.’’

‘‘माझं?’’

त्या भिंतीला धरून धरून पुढे चालल्या. गुणाकरराव त्या घराचं मधलं दार पहिल्यांदा ओलांडत होते. देवघर गेलं, स्वयंपाकघर गेलं, मागचं दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थांबले.

परसात भिंतीला लागून डालड्याचे सात मोठे डबे ओळीनं मांडलेले होते. सहा डब्यांत गुलाब होते, छातीएवढे वाढलेले, फुलांनी वाकलेले. गडद लाल, गुलाबी, पिवळा, पुन्हा लाल. आपलं झाड माणूस ओळखतो. डब्यांवर पांढऱ्या रंगानं तारखा लिहिल्या होत्या, त्याच ठसठशीत अक्षरात. सगळ्या तारखा त्र्याऐंशीच्या हिवाळ्यातल्या. सगळे गुरुवार.

‘‘फूल देवाला आणि काडी मातीत,’’ अहिल्याबाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही गेलात की लगेच मागे यायची. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून आधी नाकाला लावायचीही नाही. म्हणायची, त्यांनी आणलंय ते पहिलं दत्तालाच जाऊ दे, काम होईल माझं.’’

गुणाकरराव एकेका डब्यावरची तारीख वाचत पुढे सरकले.

‘‘मी म्हटलं, अगं, विचारू का मी त्यांना? तर म्हणे, फूल त्यांनी आणलं, बोलतीलही तेच. आणि मी तरी कुठल्या तोंडानं विचारणार? तुम्हाला लग्नच करायचं नाही, हे सगळं गाव सांगत होतं. कटंगीचं स्थळ आलं तेव्हा म्हणाली, आई, आठ दिवस थांब. सातव्या दिवशी तुमच्या लायब्ररीत जाऊन आली. आल्यावर म्हणाली, हो कळवून टाक.’’

सातव्या डब्यात नुसती माती होती. गुणाकररावांनी वाकून तारीख वाचली. पाच जानेवारी.

‘‘हा?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हा नाही लागला. हा एवढाच देवाला नाही वाहिला तिनं. म्हणाली, हुंगला मी, आता चालत नाही. आपल्या खोलीत, उशाशी ठेवला होता पेल्यात. तुम्ही सांगितलंत तसं साखर, लिंबू, सगळं. रोज अर्धं बोट दांडा कापायची. नऊ दिवस काय टवटवीत राहिला म्हणून सांगू. मग काडी लावायला काढली, तर बोटभर तुकडा उरला होता, तोही खालून काळा पडलेला. तरी लावला तिनं.’’

भिंतीपलीकडे कोणीतरी लाकूड फोडत होतं. गुणाकरराव त्या डब्यापाशी उकिडवे बसले. त्यांना आपली वही आठवली. त्यातली एकूण एक गोष्ट खरी होती.

‘‘न्यायचे तर घेऊन जा सगळे,’’ अहिल्याबाई म्हणाल्या. ‘‘डब्यांचे तळ गंजून गेलेत, मुळं खाली जमिनीत गेलीयत, खणून काढावे लागतील. नवीन मालक इथं फरशी घालणार आहे.’’

‘‘माझ्याकडे जागा नाही,’’ गुणाकरराव म्हणाले. ते खोटं होतं. अंगणात आणखी दहा झाडं सहज मावली असती.

‘‘बरं, मग दत्तासाठी एवढं एक काढून द्या. माझ्यानं वाकवत नाही.’’

गुणाकरराव उठले. खिशात सुरी नव्हती, ती त्यांनी त्या लग्नानंतर वापरलीच नव्हती. पहिल्या डब्यातला लाल गुलाब त्यांनी दोन बोटांत धरला, मानेपासून खुडला आणि नाकापासून लांब धरून अहिल्याबाईंच्या ओंजळीत ठेवला.

‘‘दांडा नाही घेतला?’’ अहिल्याबाईंनी सवयीनं विचारलं.

‘‘नको,’’ गुणाकरराव म्हणाले. ‘‘लावणार कोण आता?’’